अकरा ते बाराची तिकिटं

४ सप्टेंबर
आजपासून रोजनिशी. जबाबदारीची माणसं ठेवतात. वाचणारा मी एकटाच, तेव्हा खोटं लिहायचं काही कारण नाही.

लोचिन किल्ल्याच्या गेटवर माझी नेमणूक झाली. जन्मभर बस डेपोचं वेळापत्रक मी सांभाळलं. माझी एकही बस उशिरा सुटली नाही. पुढे रस्त्यात बंद पडायच्या, तो विषय वेगळा. बुखाऱ्याचे साहेब म्हणाले, हमदम-अका, किल्ल्याचा चढ कच्च्या विटांचा आहे, हजारो वर्षांचा आहे, त्यावर एकदम गर्दी होऊ देऊ नका. मी समजायचं ते समजलो. साहेबांना सिस्टीम हवी आहे.

५ सप्टेंबर
सिस्टीम तयार. तासातासाचे स्लॉट. प्रत्येक तिकिटावर वेळ, प्रत्येक स्लॉटचा रंग वेगळा. स्लॉट संपला की शिट्टी. शिट्टी झाली की खाली उतरायचं, मग कोणी का असेना.

ओयदिनला वाचून दाखवलं. ती कणीक मळत होती. म्हणाली, अहो, किल्ला आहे तो, कुठे सुटून जाणार आहे? बायकोला प्रशासन कळत नाही. तिचा दोष नाही.

८ सप्टेंबर
पहिला दिवस. नऊच्या स्लॉटला कोणीच नाही. शिस्त बसायला वेळ लागतो. दहाच्या स्लॉटला दोन कोरियन. वेळेच्या आधी आले होते. असे लोक असतात जगात.

किल्ल्याच्या सावलीत बुद्धिबळ खेळणारे म्हातारे तिकीट घ्यायला तयार नाहीत. एक म्हणाला, मी इथे तू रांगत होतास तेव्हापासून बसतो. मी म्हटलं, बसा, पण दर तासाला उठा. त्यांनी माझ्याकडे फार वेळ पाहिलं. बहुधा कौतुकाने.

९ सप्टेंबर
तिकीट खिडकीवरच्या बाई, सबोहत-ओपा, हातात येईल ते तिकीट फाडतात. अकराला आलेल्या माणसाला तीनचं दिलं. विचारलं तर म्हणाल्या, त्याला निळा रंग आवडला. तीन वेळा समजावलं. त्या लोकर विणत ऐकत होत्या. सुधारतील.

११ सप्टेंबर
शिट्टीने पर्यटकांचा उंट बिचकला आणि चढावर मध्येच बसला. दोन स्लॉट उंटापायी वाया. उंटाच्या मालकाला समज दिली. उंटाला उठवायला शेवटी मोहल्ल्यातला अर्धा बाजार आला, तिकिटाशिवाय. त्यांची नावं टिपायला गेलो तर सगळे एकमेकांची सांगायला लागले.

१४ सप्टेंबर
आनंदाची बातमी. लेकीचं, मोहिनाचं लग्न ठरलं, चौदा ऑक्टोबर. मुलगा बुखाऱ्याचा, व्याही फख्रिद्दिन-अका सज्जन, बोलताना अदबीने छातीवर ठेवलेला हात काढत नाहीत.

आमच्याकडची प्रत्येक नवरी लग्नाच्या दिवशी लोचिनच्या चढावर उभी राहून फोटो काढते. पुढे करनाय वाजवणारे, लांबच लांब तुताऱ्या, मागे गाड्यांचे भोंगे. फोटो झाल्याशिवाय लग्न झाल्यासारखं वाटतच नाही कोणाला. मोहिना एकुलती एक. एकदा बुखाऱ्याला गेली की पाहुणी. त्या चढावर तिच्या शेजारी उभं राहून एक फोटो, एवढंच मला हवं आहे. दुसरं काही नाही.

ओयदिन म्हणाली, नवरीच्या बापाने तिथे जायचं नसतं, ती पोरापोरींची मजा असते, आपण घरी पाहुण्यांचा पुलाव सांभाळायचा. मी म्हटलं, बाप म्हणून नाही, अधिकारी म्हणून जाईन. ती गप्प झाली. पटलं तिला.

२३ सप्टेंबर
आज सिस्टीमची खरी परीक्षा होती आणि सिस्टीम पास झाली.

तुराबच्या मुलाचं लग्न. तुराब माझा लहानपणापासूनचा मित्र. महिन्याला एकेकाच्या घरी आमची मित्रमंडळी जमते, त्यात माझ्या शेजारी बसतो. वरातीला दहाचा स्लॉट दिला होता, खास. आली बाराला दहा कमी असताना! पुलाव उशिरा उतरला म्हणे. मी गेटवर हात आडवा केला.

तुराब गाडीतून उतरला. आधी हसला. त्याला वाटलं मी गंमत करतोय. मग म्हणाला, हमद्या, बाजूला हो, पोरगी उन्हात उभी आहे. मी तिकीट दाखवलं. तो म्हणाला, हमद्या, तुझ्या बापाला मी खांदा दिलाय. मी म्हटलं, त्याचा आणि स्लॉटचा संबंध नाही. तो गाडीकडे वळला. नवरी गुलनोरा, पांढरा झगा, उंच टाचा, धुळीत उभी. करनायवाल्यांनी तुताऱ्या खाली घेतल्या. शेवटी त्यांनी तिकीट खिडकीपाशी, दरपत्रकाच्या पाटीखाली फोटो काढला आणि गाड्या वळवल्या.

वाईट वाटलं. पण एकाला सोडलं की सगळे सुटतात. साहेबांना कळवायला फोन केला, उचलला नाही. कामात असतील.

२४ सप्टेंबर
मोहिनाचे डोळे लाल. गुलनोरा तिची शाळेपासूनची मैत्रीण. म्हणाली, बाबा, ती रात्रभर रडत होती, सासरच्या पहिल्या दिवशी. मी सांगितलं, वेळेचं महत्त्व संसाराच्या सुरुवातीलाच कळलं तर बरंच. मग तिने विचारलं, माझ्या वेळीही शिट्टी वाजवाल? मी म्हटलं, तुझी वेळ मी स्वतः ठरवणार, तू काळजीच सोड. ती आत गेली. निश्चिंत झाली पोरगी.

३० सप्टेंबर
मित्रमंडळी परवा तुराबकडे जमली. मला निरोप नव्हता. माझ्या कामाचा मान राखून लोक थोडे अंतरावर राहतात. अधिकाराच्या जागी एकटेपण येतंच.

चहाखान्यात मी गेलो की बोलणं थांबतं. आज कोपऱ्यातून कोणीतरी शिट्टी वाजवली. सगळे हसले. मीही हसलो. चहा अर्धा ठेवून आलो.

५ ऑक्टोबर
मोहिनाच्या फोटोचं वेळापत्रक तयार. स्लॉट अकरा ते बारा. साहेबांना आमंत्रण, त्यांनी सिस्टीम डोळ्यांनी पाहावी. करनाय, चढ, मैत्रिणी, नवऱ्या मुलाचे मित्र, मग नवरा-नवरी चार मिनिटं. चार भरपूर झाली. शेवटी बाप आणि लेक. त्याची वेळ लिहिली नाही. तेवढं एक मोकळं ठेवलं.

६ ऑक्टोबर
मी कागद दाखवला तेव्हा मोहिनाने पूर्ण वाचला. काही खोडलं नाही! म्हणाली, बाबा, तुम्ही साहेबांना घेऊन थेट गेटवर अकराला या, आधी नको, घरी पुलावाला आलेल्या माणसांकडे बघायला कोणी तरी हवं. आम्ही सगळे पार्लरमधून तिकडेच येतो. मग तिने माझा हात धरून ठेवला, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. या घरात माझं काम एकट्या तिला कळलं.

१२ ऑक्टोबर
व्याह्यांना फोन करून अकराची आठवण दिली. ते म्हणाले, बरं, बरं, तुम्ही म्हणाल तसं, तब्येतीला जपा. तब्येतीचं का काढलं, कळलं नाही. बुखाऱ्याचे लोक फार अदबीचे.

१३ ऑक्टोबर
सगळं माझ्या मनासारखं होत आहे. सबोहत-ओपांनी गेटची किल्ली मागितली, कुलपाला तेल घालायचं म्हणून. तीस-पस्तीस दिवसांत पहिल्यांदा कामात लक्ष. लगेच दिली. आणि तुराब! स्वतःहून दारात आला, म्हणाला, लग्नाच्या गाड्या मी बघतो, तू फक्त पुलाव सांभाळ. मिठी मारली मी त्याला. त्याने मारली नाही, पण उभा राहिला. आला शेवटी ताळ्यावर.

१४ ऑक्टोबर, पहाटे
कढया चढल्या. गाजराचा वास सगळ्या गल्लीत. ओयदिन मोहिनाला घेऊन पार्लरला गेली. जाताना कॅमेरा घेतला. बायकांना पार्लरमध्येसुद्धा फोटो हवेत.

१४ ऑक्टोबर, सकाळी नऊ
मोहल्ल्यातले पुरुष जेवून गेले. दारात उभा राहून प्रत्येकाचं स्वागत केलं. तुराब दिसला नाही, गाड्यांच्या मागे असेल. काही जण माझ्याकडे बघून मान खाली घालत होते. मुलीच्या बापाचं दुःख बघवत नाही लोकांना.

साडेदहा
गेटवर. नवी टोपी, नवा अंगरखा. खिशात साठ तिकिटं. सबोहत-ओपा विणताहेत, वर बघत नाहीत. चढावर फुलांच्या पाकळ्या पडल्या आहेत. काल कोणाची वरात होती? नोंद नाही. चौकशी करावी लागेल.

अकरा
साहेब आले. वरात नाही. उशीर म्हणजे थोडाफार चालायचाच, बाहेरगावचे लोक आहेत.

अकरा वीस
साहेबांनी तंदुरातला खिम्याचा सामसा खाल्ला. स्लॉटची पाटी वाचली. म्हणाले, हमदम-अका, हे काय आहे? मी म्हटलं, तुमची सिस्टीम. ते म्हणाले, मी तर फक्त चढावर गर्दी नको म्हटलं होतं, आणि गावातल्या लोकांना तिकीट कधीपासून? साहेबांच्या मागे कामं फार असतात. विसरले असतील.

अकरा पंचेचाळीस
साहेब गेले. एका फ्रेंच बाईने माझा फोटो काढला. तिला वाटलं मी त्यासाठीच उभा आहे.

बारा
स्लॉट संपला. शिट्टी वाजवली नाही.

साडेबारा
व्याह्यांना फोन केला. चांगलं झापायचं ठरवलं होतं. नवरीच्या बापाला असं ताटकळत ठेवायचं? मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, आता बरं वाटतंय ना? पोरं तर आठलाच किल्ल्यावर जाऊन आली, फार सुंदर झालं म्हणतात. तुम्हाला हल्ली चक्कर येते म्हणून तुम्ही येणार नाही, असं मोहिनाने आम्हाला आधीच सांगितलं होतं, तुम्ही पडून राहा, दुपारी भेटूच. मी म्हटलं, आता बरं वाटतंय.

संध्याकाळ
पाठवणी. रीतीप्रमाणे तळहात उघडून आशीर्वाद दिला, चेहऱ्यावरून हात फिरवले. ते जरा जास्त वेळ फिरवले. मोहिना खांद्यावर डोकं ठेवून रडली. मी विचारायचं नाही असं ठरवलं होतं, तरी विचारलं. मला का फसवलंस? ती म्हणाली, बाबा, तुम्ही असतात तर आम्ही सगळे घड्याळाकडे बघत हसलो असतो. गाडी हलली. फार लागलं ते.

तुराब निघालेल्या गाडीमागे, शुभ म्हणून, पाणी शिंपडत होता. माझ्याकडे पाहिलं नाही त्याने.

१५ ऑक्टोबर
सगळ्यांनी मिळून केलं. मित्राने, सबोहतने, पोटच्या पोरीने. मी दिलेल्या किल्लीने! ज्या गावासाठी एवढं केलं त्या गावाने. राजीनामा द्यायचा. साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, राजीनामा कसला, पाटी तेवढी काढा. मी पाटी काढणार नाही, हा माझा शेवटचा निर्णय.

१६ ऑक्टोबर
पाटी काढली. वाऱ्याने हलत होती, कोणाच्या डोक्यात पडली असती. म्हातारे बुद्धिबळ खेळत होते. एकाने सरकून जागा केली. बसलो नाही. कामावर होतो.

१८ ऑक्टोबर
ओयदिनशी बोलणं बंद नाही, कारण तिचा यात हात नाही. बिचारी पार्लरमध्ये होती. तिलाही फसवलंच की. घरात निदान एक माणूस माझं आहे.

२१ ऑक्टोबर
बुखाऱ्याहून फोटो आला, मोठा, चौकटीसकट. फार वेळ पाहिला.

चढाच्या मधोमध मोहिना आणि जावई. आणि तिच्या शेजारी दुसरी नवरी. आधी ओळखलीच नाही. गुलनोरा. लग्नाचा झगा पुन्हा अंगावर चढवून आलेली, शेजारी तिचा नवरा. बाजूला तुराब, छाती काढून. सबोहत-ओपा लोकरीसकट. करनायवाले. उंटसुद्धा. एका स्लॉटमध्ये दोन वराती! मी सोडल्याच नसत्या. कधीच सोडल्या नसत्या.

मोहिना हसते आहे. मान मागे टाकून, सगळे दात दिसतील अशी. घरात ती अशी हसलेली मी पाहिली नव्हती.

मी ओयदिनला म्हटलं, बघ, मोहल्ल्यातलं कुत्रंसुद्धा आहे यात, फक्त आपण दोघं नाही. आपल्या दोघांना बाहेर ठेवलं. ती चौकट टांगायला खिळा शोधत होती. मग थांबली. मी विचारलं, पण फोटो काढला तरी कोणी?

म्हणाली, मी काढला.