दुसरा कप

लातूर,
दि. १२ जानेवारी २०२५

आदरणीय सरजाआत्यास,
लुंबिनीचा सविनय जय भीम. वि. वि.

फोन सोडून पत्र का, असं तू म्हणशील. तुझा फोन कायम स्पीकरवर आणि स्पीकरशेजारी बाबा. मग मी बरी हाय, जेवले, एवढंच बोलून ठेवून देते. खरं काय ते आज लिहिते.

मला डॉक्टरीण लागली आहे. गोळ्या देणारी नव्हे, बोलतं करणारी. आरती मॅडम त्यांचं नाव. दर गुरुवारी पाच वाजता मोबाइलवर दिसतात. घरमालकीणबाईंच्या घरात एकटीनं बोलायला जागा नाही, म्हणून मी गच्चीवर पाण्याच्या टाकीला पाठ लावून बसते. टाकी दिवसभराच्या उन्हानं कोमट असते, वरून बगळे घरी निघालेले असतात. त्या विचारतात, मी सांगते आणि पाऊण तास कुठं जातो कळत नाही.

आई गेली त्या दिवशी मी बारावीच्या पेपरला पर्यवेक्षक होते. फोन नियमाप्रमाणे बाहेर पेटीत जमा. बाबांनी नांदेडच्या दवाखान्यातून तीनदा फोन लावला होता. मी पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. त्यावर तीन वर्षांत बाबा एक अक्षर बोललेले नाहीत. त्यांनी मला माफ केलेलं नाही, म्हणून दहा महिने झाले, बिलोलीच्या घराकडं माझी पावलंच वळत नाहीत. आता कुठंही फोन वाजला की छातीत धडधडतं, श्वास पुरत नाही. परवा वर्गात मुलांसमोरच खाली बसले. मार्चमध्ये पुन्हा परीक्षेचं काम येईल, तेव्हा काय करू?

मॅडम म्हणाल्या, असं झालं की डोळे मिटून एखाद्या निवांत जागी जायचं. मला एकच जागा दिसते. काळा खडक, पांढरं पाणी, हवेत पाण्याचा धूर, आणि पलीकडून आई हात वर करून काहीतरी सांगते आहे. ऐकू येत नाही. पहाटे स्वप्नातही तेच, आणि जाग आली की चेहरा ओला असल्यासारखा वाटतो. अशी जागा खरंच आहे का गं, की मीच रचली?

चाकूर सोडून भावाला सांभाळायला गेलीस, तिथं तुझे गुडघे बरे असोत. या वेड्या भाचीवरची माया कमी करू नकोस.

तुझी,
लुंबिनी


बिलोली,
दि. २० जानेवारी

चि. लुंबिनीस, आत्याचे अ. उ. आशीर्वाद व जय भीम.

पत्र पोचलं. वाचायला दादाचा चष्मा मागितला तर त्यानं कशाला म्हणून विचारलं. मी सांगितलं, गोळीचं नाव वाचायचं हाय. तुझ्यापायी या वयात खोटं बोलून राहिले बघ.

नाडी बघायची नाही, जीभ बघायची नाही, असा इलाज करणारी बाई मी पहिल्यांदाच ऐकली. पण तुला बरं वाटत असेल तर तिचं भलं होवो.

जागा खरी आहे, पोरी. तो इस्लापूरजवळचा सहस्रकुंडाचा धबधबा. तू पाच वर्षांची होतीस. पावसाळा नुकताच सरला होता, पाणी लई होतं. दादा आणि वहिनी खडकावरून पुढं गेले, तू माझ्यापाशी. मधेच तू रडत उठलीस आणि त्यांच्याकडं धावत सुटलीस. मी मागून फ्रॉक धरला म्हणून बरं. वहिनीनं तिकडून हात वर केला, ओरडून काहीतरी म्हणाली. त्या आवाजात मलाही कळलं नाही. मग आपण भाकरी-ठेचा खाल्ला आणि तू माझ्या मांडीवर संध्याकाळपर्यंत झोपलीस. तुझं स्वप्न तिथूनच निघालं असेल.

दादाचं काय लिहू? कंडक्टरकी संपून वर्षं झाली, तरी पहिली गाडी गाठायची असल्यासारखा साडेचारला उठतो. चहा करतो तो दोन कप. एक पितो, दुसरा समोर ठेवतो. निवला की कडुनिंबाच्या बुडाशी ओततो. वहिनीसाठी असणार. मी दिवाळीपासून रोज बघते, पण विचारायचा धीर होत नाही. असल्या माणसालाही बोलतं करतात का, ते तुझ्या मॅडमला विचार.

जेवणाची हयगय करू नको. म्हातारीची आठवण ठेव.

तुझी आत्या,
सरजाबाई


लातूर,
दि. २८ जानेवारी

आदरणीय आत्यास, जय भीम. वि. वि.

तुझं पत्र उशाशी घेऊन झोपले. त्या रात्री पाण्याचा आवाज आला, पण भीती वाटली नाही.

मॅडम म्हणाल्या, बापलेकींनी एकाच माणसाकडं बोलणं बरं नाही. त्यांच्या ओळखीचे आनंदराज सर आहेत, ते बाबांशी बोलतील. पण बाबांनी स्वतः हो म्हटलं तरच. मी मॅडमशी बोलते, हे त्यांना सांगितलंस तरी चालेल.

आणि आत्या, एक सांगू? आई चहा पीतच नव्हती. माझ्या जन्मानंतर पित्तामुळं तिनं चहा सोडला. तुझं चाकूरहून येणं कमी, तुला कुठून माहीत असणार. पहाटेचा चहा बाबा आणि मी प्यायचो. ते पहिल्या गाडीवर जायचे, मी पुस्तक घेऊन बसलेली असायचे.

मग तो कप कुणाचा? मला आशा करायचीच भीती वाटते. कपाचं मात्र तू त्यांना विचारू नकोस.

तुझ्या मायेची भुकेली,
लुंबिनी


बिलोली,
दि. ११ फेब्रुवारी

चि. लुंबिनीस अ. उ. आ.

दादा आधी उसळला. म्हणाला, मला काय येड लागलंय का. मी म्हटलं, तुझी लेक बसते दर गुरुवारी. दुसऱ्या दिवशी आपणहून विचारलं, कधी हाय म्हणून.

आज इस्त्रीचा सदरा घातला. पाहुण्याला खाली कसं बसवायचं, म्हणून घरातली एकुलती खुर्ची मोबाइलला दिली, तांब्याला टेकवून, आणि स्वतः सतरंजीवर बसला. मोबाइलपुढं चहाचा कपसुद्धा ठेवला. सर हसून म्हणाले, माझ्या वाटचा तुम्हीच घ्या. मला दादानं बाहेर पाठवलं. मी अंगणात तूर निवडत बसले. बऱ्याच वेळानं आतून दादाचं रडणं ऐकू आलं. वहिनी गेली तेव्हाही मी ते ऐकलं नव्हतं.

बाहेर आल्यावर मी त्याला तुझ्या स्वप्नाचं सांगितलं. त्यानं कागद मागितला. सोबत जोडते. वाचलेलं नाही. थोडं वाचलं.

तुझी आत्या


चि. लुंबिनीस, जय भीम.

मला पत्राची सवय नाही, तिकिटं फाडायची आहे. थोडक्यात लिहितो.

तुझी आई दोन दिवस आधीपासून दवाखान्यात होती. सकाळीच आणलं, असं मी सगळ्यांना खोटं सांगितलं. ती म्हणत होती, पोरीला कळवा. मी म्हणालो, पेपर चालू आहेत, तिला कशाला त्रास. तिसऱ्या दिवशी लावला तेव्हा तुझा फोन पेटीत होता. आधीचे दोन दिवस तो तुझ्या हातात होता आणि मी लावला नाही. चूक माझी आहे, तुझी नाही. तुला तोंड दाखवायची लाज वाटली म्हणून गप्प राहिलो. तुला तो राग वाटला.

पहाटे दुसरा कप ठेवतो ते सरजानं तुला लिहिलंच असेल. तो तुझाच आहे. तू यायची थांबलीस तेव्हापासून ठेवतो.

सहस्रकुंडाला मी तुझ्या आईच्या शेजारी उभा होतो. मला ऐकू आलं होतं. ती म्हणाली, तिथंच बस, तू येऊ नको, आम्हीच येतो.

तर तू येऊ नको. रविवारी पहिल्या गाडीनं मी आणि सरजा लातूरला येतो. चहाचं आधण ठेव. तुझा कप मी सोबत आणतो.

तुझे,
बाबा