जित्या माणसाचं पान

तात्या, लिहीन लिहीन म्हणत नऊ वर्षं काढली. तुम्ही गेलात त्याच महिन्यात वही आणली होती. तिच्यात आजवर नुसते बसचे टाइम लिहिलेत. आज पणदऱ्यात, आपल्या ओट्यावर बसून लिहितेय.

मी नेपाळला गेले होते. बारावी नापास पोरीला तिथं मिस म्हणायचे! डोंगरउतारावर अनाथाश्रम, एकोणीस पोरं. त्यांना गाणी शिकवायची, उवा काढायच्या, दूध तापवायचं. दूध उतू गेलं की तुम्ही आठवायचात, एमआयडीसीतल्या डेअरीतून आल्यावरचा तुमच्या शर्टाचा तो आंबूस वास... असो, नाहीतर परत भरकटेन.

पितृपंधरवडा आला. मला वाटलं, या पोरांच्या आईबापांना घास कोण ठेवणार? कुणी सांगितलं नव्हतं, उचापत माझीच. केळीच्या पानाचे तुकडे केले, भात, डाळ, वर जराशी खीर. म्हटलं, आईबाबांचं नाव घ्या आणि कुंपणाच्या भिंतीवर ठेवा. पोरांनी मुकाट्यानं ठेवली. नऊएक वर्षांची एक पोरगी तेवढी हात मागं बांधून उभी. मी चिडले. "आईला उपाशी ठेवणार का?" असं म्हणाले मी, तात्या, आणि तिच्या आईचं पान मीच मांडलं. कावळा लगेच बसला. तशी ती मोडक्या हिंदीत किंचाळली, "माझी आई मेली नाही! ती बाजारात मुळे विकते!" शेजारचा पोरगा माझी ओढणी धरून कुजबुजला, "माझी पण आहे. पाहुण्यांना सांगायचं नसतं." भिंतीवर कावळे जेवत होते आणि मला एकालाही हाकलता येईना.

स्वयंपाकीण बाईनं नंतर सांगितलं. शाळेत घालतो म्हणून माणूस गावोगावची पोरं आणतो, इथं कागदावर अनाथ करतात. "तुमच्यासारखे लोक अनाथच बघायला येतात ना, बाई," ती म्हणाली. भांडी घासता घासता, साधेपणानं.

तेव्हा मला तुमची चापट आठवली. मी सात वर्षांची. इंदापूरची आत्या राखीला आली नाही म्हणून आज्ज्याच्या पानाशेजारी मी तिचंही पान मांडलेलं. "जित्या माणसाचं पान मांडतीस व्हय गं?" तुम्ही पांढरेफटक. न जेवताच गाडीला किक मारता, मी पुढं टाकीवर, थेट इंदापूर. आत्या अंगणात डाळिंबं निवडतेय. "आरं, आज कसा काय?" "न्हाय, पोरीला तुजी आठवण आली." खोटंच. पण नजर तिच्यावरनं हटेना. शेवटी ती म्हणाली, "काय बघतूस येवढं? मी काय मेलेय का काय?" तुम्ही तिच्याशेजारी बसून डाळिंबं निवडायला लागलात.

मलाही तसंच जायचं होतं. मी संचालकांना जाब विचारला, त्यांनी दुसऱ्या सकाळी बॅग गेटबाहेर ठेवली. मी त्या बाजारात गेले. मुळेवाल्या तर रांगेनं बसलेल्या. एकीजवळ पोरीचं नाव, आश्रमाचा पत्ता सांगून ठेवला. चार दिवस शोधलं, असं मी इथं सगळ्यांना सांगितलंय. तुम्हाला खरं सांगते, तात्या, एकच सकाळ शोधलं. ती सापडली तर तिच्या तोंडाकडं बघणार कशी, म्हणून दुपारची बस धरली. महिना झाला त्याला.

आत्ता, हे लिहिताना, स्वयंपाकीण बाईचा व्हॉइस मेसेज आलाय फोनवर. गेटपाशी एक बाई आलीय, मुळ्यांची टोपली पाठीवर घेऊनच. लेकीला हाका मारतेय. पोरगी आत दाराला धडका देतेय. संचालक गावाला गेलेत. "किल्ली माझ्याकडं आहे, बाई. नोकरी जाईल माझी. उघडू का?"

थांबा तात्या, आधी तिला फोन लावते.