मावरोपेत्रातल्या घराची ऊब

ती. केरात्सो मावशीस,

तुझ्या पोलीचा वाकून नमस्कार. गुडघा आता जिने चढू देतो का? श्टुटगार्टच्या डॉक्टरने तुला पोहायला सांगितल्याचं आईकडून कळलं. तू पाण्यात उतरल्याचं माझ्या डोळ्यांसमोर येत नाही, तरी त्याचं ऐक. इकडे ग्रीसमध्ये कोझानीत सगळे बरे आहेत. (आई बरी नाही, पण तिला विचारलंस तर ती बरी आहे.)

मी विद्यापीठात नेमकं काय करते, असं तू दर ईस्टरला विचारतेस. कोळशावरची वीजकेंद्रं बंद झाल्यावर आपल्या भागातली घरं कशाने गरम ठेवायची, याचं गणित आम्ही संगणकावर मांडतो आणि मंत्रालयाला देतो. त्यासाठी पूर्वी तुमच्या मावरोपेत्रात घरोघरी तापमान मोजणाऱ्या, बॅटरीवरच्या डब्या बसवल्या होत्या. (स्टेर्गियोकाका आपल्या डबीला खाणवाल्यांचा हेर म्हणत आणि येता-जाता तिला शिव्या घालत.) पुढे कोळशाची खाण गावाला भिडली, गाव उठवायचं ठरलं. काका ‘मी हलणार नाही’ म्हणाले आणि शब्द पाळून त्याच घरात वारले. मग गाव उठलं, वीज तोडली. एकेक डबी बंद पडली. तुमची तेवढी चालू राहिली, आणि या हिवाळ्यात ती कळवू लागली की घर उबदार आहे. बाहेर बर्फ, आत नुसत्या शर्टावर बसावं अशी ऊब, आणि दुपारी कॉफीच्या सुमारास ती आणखी थोडी वाढायची.

आमचे झिसिससर म्हणाले, “रिकाम्या घराला थंडी वाजत नाही, पोली. डबी काढून आण आणि तो आकडा वगळ.”

म्हणून आईकडची किल्ली घेऊन मी लाझारोसबरोबर गेले. (लाझारोस आमच्याकडे इंजिनियर आहे. भूत-देव मानत नाही, आणि हे कुणी न विचारताच सांगतो.) भरदुपारी इतकं धुकं होतं की गावातली घरं एकेक करून समोर येत होती, छपरं गेलेली, दारं गेलेली. तुझ्या दाराला मात्र कुलूप होतं, गंजलेलं. ते उघडायला आमचा निम्मा तेलाचा डबा गेला. आत पाऊल टाकलं आणि माझ्या चष्म्यावर वाफ धरली. फरशी बुटांतूनही कोमट लागत होती. धूळ सगळीकडे होती, फक्त काकांच्या खुर्चीवर नव्हती. खुर्ची खिडकीशी ओढलेली, बाजूला कॉफीचा पेला, आणि तळाचा गाळ ओला.

“गुराखी येत असेल कुणीतरी,” लाझारोस म्हणाला.

“कुलुपातून?”

मी भिंतीवरची डबी सोडवायला हात लावला, तेव्हा मागे खुर्ची करकरली. लाझारोसने क्रूसाची खूण केली, रिकाम्या खुर्चीला अगदी अदबीने म्हणाला, “बसा काका, आम्ही निघतोच,” आणि गाडीत जाऊन बसला. गाडी चालू करूनही ठेवली. मी डबी तिथेच ठेवून आले.

घाबरू नकोस, सगळ्याचा उलगडा झाला आहे. झिसिससरांनी माणसं पाठवून जमीन तपासली. तुझ्या घराखालून कोळशाचा थर जातो, तो खाणीच्या बाजूने आपोआप पेटलाय आणि आत धुमसतोय. ऊब त्याची, गाळ ओला तो वाफेने, खुर्ची करकरली ती लाकूड तापल्यामुळे. दुपारी ऊब वाढते ती खिडकीतून येणाऱ्या उन्हाने. सर खूश आहेत, यावर एक निबंध होईल म्हणतात. मीही निश्चिंत आहे.

तब्येतीला जप.

तुझी पोली

ता. क. ती खिडकी उत्तरेला आहे ना गं? मी सरांना अजून सांगितलेलं नाही.

ता. क. २. आग दाबायला खाणवाले पुढच्या महिन्यात त्या घरावर माती लोटणार आहेत. त्याआधी तू ये. (तिकीट विद्यापीठ देणार नाही, मी विचारून पाहिलं.) काकांच्या अस्थी नव्या दफनभूमीत हलवल्या तेव्हा, गाव उठलंय हे त्यांना कुणी सांगितलंच नसावं. परवा आई दारात उभी राहून सांगून आली. त्या दिवसापासून दुपारची ऊब दुप्पट झाली आहे. तुझंही ते कधी ऐकायचे नाहीत, ठाऊक आहे. पण तू आलीस तर निदान भांडायला तरी घराबाहेर येतील.