टिटवीच्या गोलात कोण उभं राहणार

प्रिय त्रीनताईस,

धाकट्या गोसेचा नमस्कार, आणि तू समोर असतीस तर दिले असते ते गालावरचे तीन मुकेही यातच धरून चाल. तुझा गुडघा आता काय म्हणतो? कॅनडातल्या त्या बर्फात एकटीने फावडं घेऊन उतरू नकोस. अंगण चार दिवस पांढरं राहिलं तर कुणी तुला नावं ठेवणार नाही (आपली आई ठेवायची, पण ती आता वरून बघते आणि तिथून बर्फ चांगलाच दिसत असणार). इकडे आम्ही कुरकुरत का होईना, चालतेफिरते आहोत. वीब्रेनदाजींना जाऊन अख्खा हिवाळा उलटला, तरी शनिवारी संध्याकाळ झाली की मी अजून फोनकडे बघतो. चाळीस वर्षं समुद्रापलीकडून त्यांचा एकच प्रश्न यायचा, "गोसे, आज किती गोल खाल्ले?" किती मारले ते कधी विचारलं नाही. गोलरक्षकाची जातच तशी.

आपला टिटवी फुटबॉल संघ येत्या उन्हाळ्यात शेजारच्या गावाच्या संघात विलीन होतोय, हे तुला ठाऊकच आहे. काय करणार, पोरंच उरली नाहीत. अकरा जण जमवायला आता दोन गावं लागतात. त्यातून ते पडले रविवारी खेळणारे, आणि आपल्या वडिलांनी देवाचा वार म्हणून रविवारी सायकलच्या घंटीलाही हात लावू दिला नव्हता. शेवटी शनिवारी खेळायचं ते कबूल झाले, पण त्या बदल्यात टिटवीचं नाव गेलं आणि निळा सदराही गेला. म्हणून ठरलं की टिटवीच्या आजवरच्या सगळ्या खेळाडूंतून सर्वोत्तम अकरा निवडायचे, त्यांची नावं ओकच्या फळीवर रंगवायची आणि ती फळी नव्या कॅन्टीनमध्ये लावायची. म्हणजे आम्ही रिकाम्या हातांनी नांदायला आलो नाही, हे तिकडच्यांना रोज दिसेल. निवड समितीत मी, निवृत्त पोस्टमन लोल्के आणि अध्यक्ष उबेले. उबेले आता नव्वदीला टेकलेत, पण सायकलवरून उतरताना कुणी हात पुढे केला तर त्या हाताकडे असे बघतात की माणूस तो खिशात घालतो.

अकरा नावं लिहायची म्हणजे काय मोठंसं, असं मला वाटलं होतं. ताई, त्यापेक्षा अकरा मांजरं एका टोपलीत बसवणं सोपं. बातमी फुटली आणि गावातल्या मेलेल्यांनाही नातेवाईक फुटले. बेकर आउकेच्या बायकोने धुरी दिलेली वाम पाठवली. आम्ही वाम खाल्ली आणि आउकेला घेतलं नाही. तेव्हापासून तिचा मुलगा मला न चुकता कालचा पाव देतो. उजव्या बगलेच्या बचावाला सीत्सेवर झटकन एकमत झालं, पण ते त्याच्या खेळापेक्षा त्याच्या काठीमुळे. चेंडू कालव्यात गेला की लांब काठी पाण्यात रोवून पलीकडे उडी घ्यावी तर त्यानेच. (एकदा असा गेला, तिथे कुणाची तरी गाय अडली होती, तिला सोडवायला थांबला तो थांबलाच. आम्ही दहा जणांत सामना जिंकलो, आणि वासराचं नाव टिटवी ठेवलं.) मधल्या फळीत वीर्स्मा बंधू. चराच्या हद्दीवरून भांडण झाल्यापासून ते एकमेकांना चेंडू देत नसत, तिसऱ्याच्या पायातून पाठवायचे. तो तिसरा मी. माझी कामगिरी एवढीच, म्हणून मी स्वतःचं नाव सुचवलं नाही. लोल्के सुचवेल म्हणून थोडा थांबलो, तर तो खोकला आणि त्याने विषय बदलला.

असे दहा जण ठरले. राहिला गोल. तिथे दाजींशिवाय दुसरं नाव नाहीच, म्हणून मी बैठकीच्या आधीच तुला फोनवर सांगून टाकलं. दाजी गेल्यानंतर तू पहिल्यांदा हसलीस. "आता त्यांचा वाकडा झालेला फोटो सरळ लावते," म्हणालीस. ते हसू अजून माझ्या कानात आहे. पुढचं लिहिताना तेच आड येतंय.

बैठक उबेलेंच्या घरी होती. इम्केवहिनींनी रिवाजाप्रमाणे कॉफी दिली, प्रत्येकाला एक बिस्किट दिलं आणि डब्याचं झाकण घट्ट लावून त्या आत गेल्या. मी म्हणालो, "गोलात वीब्रेन." उबेले म्हणाले, "त्यात विचारायचं काय? लिही." मी लिहायला लागलो, तेवढ्यात आतून आवाज आला, "आमचा हिद्देपण होता ना गोलात?"

तुला हिद्दे आठवतो तो हाफ चड्डीतला. तुम्ही कॅनडाला गेलात तेव्हा दाजींचे हातमोजे त्याने घातले. बोटं त्याला इतकी मोठी की टोकांत लोकर कोंबायचा. दोन हंगाम उभा राहिला बिचारा, मग त्या मार्चात तळ्यावरचा बर्फ त्याच्याखाली फुटला. विशीही ओलांडली नव्हती. तेव्हापासून त्या घरात कुणी हिद्देचा विषय काढत नाही, आणि त्या दिवशी तो आतून, भांड्यांच्या आवाजातून आला.

"होता," उबेले म्हणाले. "चेंडू येत होते, तोही होता."

"चांगला अडवायचा."

"एका सामन्यात नऊ गेले, इम्के."

"डोळ्यांवर ऊन होतं त्याच्या."

"फेब्रुवारीच्या धुक्यात?"

आपला तो बाब्या म्हणणारं सगळं जग, आणि हा माणूस पोटच्या पोराला कार्टं म्हणून मोकळा होतो, कारण खोटं बोलायचं नाही हे एकदा चर्चमध्ये कबूल केलेलं. लोल्के आपल्या बुटांकडे बघत बसला. मग इम्केवहिनी बाहेर आल्या, डबा उघडला आणि आम्हा तिघांना दुसरं बिस्किट दिलं. ताई, दुसरं! आपल्या आईच्या मयतालासुद्धा दुसरं मिळालं नव्हतं. ते खायचं की काय करायचं, कुणाला सुचेना. आम्ही तिघं म्हातारे ते हातात धरून बसून राहिलो. "लिहिलंस का वीब्रेन?" उबेलेंनी विचारलं. मी म्हणालो, लिहिलं. कागदावर 'वी' एवढंच होतं.

असो. हवा बरी आहे, कुरणात टिटव्या उतरल्या आहेत. नातवंडांना आशीर्वाद. गुडघा जप.

तुझा धाकटा भाऊ,
गोसे

ता. क. फोन का केला नाही, तर तुझा आवाज ऐकला की मला हे मागता येणार नाही. मागणं असं आहे, की दाजींनी गोल सोडावा आणि राखीव बाकावर बसावं. खेळाडू म्हणून हे शंभर टक्के चूक आहे. हिद्देला चेंडूपेक्षा वारा जास्त सापडायचा. पण दाजींचं नाव तुमच्या दुधाच्या गाडीवर आहे, थोरल्या नातवाला आहे. हिद्देचं नाव या जगात एका दगडावर आहे, आणि त्यावर शेवाळ चढलंय. दाजी काय म्हणाले असते, ते मी माझ्या सोयीने ठरवणार नाही. ते तू सांग. नाही म्हणालीस तरी मी तुझाच भाऊ.

ता. क. दुसरा. तुझं उत्तर येईपर्यंत टिटवीच्या शेवटच्या सामन्याचा शनिवार निघून जाईल, म्हणून लोल्केच्या जावयाकडून काल फळी रंगवून घेतली आहे, अक्षरं आपल्या सदऱ्याच्या निळ्या रंगात. गोलात हिद्दे, खाली 'राखीव: वीब्रेन'. तू नको म्हणालीस तर खरवडून काढू. (ओकवर खरवडलेलं दिसतं, एवढं सांगून ठेवतो.)

ता. क. तिसरा. पत्र खिशातच राहिलं होतं, म्हणून हेही. आज सकाळी उबेले कॅन्टीनमध्ये आले. फळी वाळत ठेवलेली. चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचली. म्हणाले, "चूक आहे. वीब्रेन जास्त चांगला होता."

मी म्हणालो, "हो."

"मग दुरुस्त कर."

"त्रीनला विचारलंय. तिचं उत्तर आलं की करतो."

"आणि तोवर?"

"तोवर असंच राहील."

त्यांनी हिद्देच्या पहिल्या अक्षरावर बोट टेकवून पाहिलं, वाळलंय का म्हणून. वाळलं नव्हतं. मग आम्ही कॉफी घेतली. ते डाव्या हाताने प्यायले. उजव्या हाताचं निळं झालेलं बोट त्यांनी सगळा वेळ टेबलावर वर उचलून धरलं होतं, कशाला लागून पुसलं जाऊ नये म्हणून.