मार्काचा नववा अध्याय आणि आमची इशिता

६ नोव्हेंबर २०२४, बुधवार
पित्याची कृपा या घरावर असो. मगच लेखणी टेकवते.
इशिताला आज पुन्हा झटका आला! कॉलेजला निघता निघता कोसळली. डोळे फिरलेले, तोंडाशी फेस. सुनेने, रुचिताने, तिला कुशीवर वळवले. सुधन्वा नुसता उभा — बाप असून.

सायंकाळी तो नोएडाहून श्यामकांतला घेऊन आला. ऑफिसातल्या प्रार्थनागटाचा हा पुढारी. म्हणाला, “आजी, दवाई चालू असून झटके येतात? मतलब आत कोणीतरी आहे.” रविवारी येऊन तो ते काढणार. तोवर इशिताला उपास, आणि गोळ्या बंद!

“उपाशी राहिली की तिचे झटके वाढतात,” रुचिता कडाडली. “आधी स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून बघा, काय निघतं ते!”

सुधन्वा माझ्याकडे वळला. “आई, पवित्र शास्त्र तुला पाठ. तू म्हणशील ते.”

७ नोव्हेंबर, गुरुवार
मार्काच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय पुनःपुन्हा वाचला. त्यातला भूत लागलेला मुलगाही असाच पडतो, दात खातो, ताठ होतो. प्रभू येशू आधी बापाला विचारतो — हे याला केव्हापासून होते? एखादा वैद्य विचारील तसे. मुलाच्या पापाची चौकशी नाही. दोष येतो तो शिष्यांवर. त्यांना बरे करता आले नाही म्हणून.

परंतु स्वतःला फसवणार नाही. दुसरा शुभवर्तमानकार मत्तय एके ठिकाणी भूतग्रस्त आणि फेफरेकरी असे दोन निराळे रुग्ण सांगतो. पुढे मात्र फेफरेकरी मुलातूनच भूत निघते. मी चुकले तर? पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे.

८ नोव्हेंबर, शुक्रवार
इशिताने ताट सरकवले. “भूक नाही, आजी.” खोटे बोलत होती.

१० नोव्हेंबर, रविवार
श्यामकांत तेलाची कुपी घेऊन आला. मी दारातच विचारले, “प्रार्थनेसोबत उपासही हवा, असे मार्काच्या काही जुन्या प्रतींत आहे. पण तो कोणी करायचा? भूत काढू पाहणाऱ्या शिष्यांनी! तू केलास?”

“आजी, आप भी ना... सकाळी छोले-कुलचे झाले.”

सुधन्वाला हसू आवरेना. कित्येक दिवसांनी हसला! मी निर्णय सांगितला: प्रार्थना आपण सगळे करू, पोरगी जेवेल आणि गोळ्या चालूच राहतील. श्यामकांत चहा न घेता गेला. मन हलके झाले. थोडा अभिमानही वाटला, खोटे का बोलू?

११ नोव्हेंबर, सोमवार
आज परत झटका. भानावर आल्यावर इशिता माझा हात धरून रडू लागली.

“आजी, गोळ्या मी केव्हाच सोडल्यात.”

“श्यामकांतच्या सांगण्यावरून?”

“नाही गं. त्याच्याही आधी. तू चर्चमध्ये मंडळीपुढे उभी राहून साक्ष दिलीस ना — माझी नात बरी झाली म्हणून. सगळे आमेन म्हणाले. मग गोळी घेताना वाटायचं, आपण आजीला खोटं पाडतोय.”

डॉक्टरांना फोन करून, ते म्हणाले तशी, आजची गोळी मी तिला माझ्या हाताने दिली.

रविवारी त्याच जागी उभी राहीन आणि सांगेन: माझी नात आजारी आहे. ती औषध घेते. प्रभू तिच्याजवळ आहे.

हे पान ज्यांच्या हाती पडेल त्या सर्वांना तो आरोग्य देवो. आणि ते येईपर्यंत धीर.