गेनच्या स्क्रूवरचा लाल ठिपका

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्रेसष्ट, धंदा गाड्यांमध्ये साउंड बसवण्याचा, आज पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दबावाला बळी न पडता माझ्या मागे काय कुणाचं हे लिहून ठेवत आहे. गुरुवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखं काही नाही. नव्या कोऱ्या गाडीच्या दाराचं पॅनल उचकटताना मीही गिऱ्हाइकाला हेच म्हणते, त्यामुळे या वाक्याची किंमत मला ठाऊक आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला सोबत जोडला आहे. जिभेचा दाखला कुणी देत नाही.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. कुणी तसा कागद घेऊन आलं तर तो खोटा समजावा आणि आणणाऱ्याला चहा न देता परत पाठवावं.

कलम १. दुकान, त्यातला माल, कामाचं टेबल, मीटर, सोल्डरिंगची हत्यारं आणि दारावरची पाटी हे सगळं मी माझ्या सुनेला देते. ती माझ्या मुलाबरोबर नांदो, न नांदो, उद्या दुसरं लग्न करो, दुकान तिचंच. वकील म्हणाले, कारण लिहायची गरज नाही. त्यांना नसेल, मला आहे.

आमच्या धंद्यात बहुतेकांना वाटतं की मोठा ॲम्प्लिफायर सबवूफर, म्हणजे डिकीतला दणक्याचा स्पीकर, जाळतो. मी पाहिलेले बरेचसे सबवूफर लहान ॲम्पने जाळलेले होते. लहान ॲम्प मोठ्या सबवूफरला जोडायचा आणि दणका येत नाही म्हणून गेन, म्हणजे आत येणारा सिग्नल ॲम्पने किती वाढवायचा तो स्क्रू, पिळायचा. मग ॲम्पची ताकद संपते, आवाज फाटतो आणि आतली कॉइल भाजून निघते. म्हणून खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलायचं नाही. ॲम्प सतत किती देतो तो आरएमएसचा आकडा सबवूफरच्या आरएमएसशी जुळवायचा, दोन सबवूफर जोडल्यावर किती ओहम होतात ते बघायचं, आणि मग मीटर लावून गेन ठेवायचा. गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे, हे मी इतक्या वेळा सांगितलंय की भिंतीवर माझा फोटो लावाल तेव्हा खाली तेच लिहा.

गेन ठेवून झाला की त्या स्क्रूवर नेलपॉलिशचा लाल ठिपका द्यायचा, ही आमच्या दुकानाची पद्धत. नवऱ्याने सुरू केली, माझीच बाटली पळवून. म्हणायचा, "तुझी नखं कायम ग्रीसने काळी, निदान ॲम्पला तरी शोभेल." ठिपका अखंड असेल तर काम आमचं आणि जबाबदारीही आमची. तुटला असेल तर मधे कुणाचा तरी हात लागला आहे. नेलपॉलिशची बाटलीही सुनेला. रंग बदलू नये.

कलम २. माझ्या दिरांना, म्हणजे नवऱ्याच्या धाकट्या भावाला, माळ्यावर ठेवलेलं 'पाच हजार वॉट' छापलेलं मोठं खोकं द्यावं. आत काही नाही. नवरा गेल्यावर हेच भावजी दारात उभे राहून म्हणाले होते, "वहिनी, बाईमाणसाने डिकीत डोकं घालून काम करायचं म्हणजे बरं दिसतं का?" त्यांना दिसण्याची हौस, म्हणून खोकं.

कलम ३. दुकानावरच्या दोन खोल्या मुलाच्या आणि सुनेच्या नावावर निम्म्या निम्म्या. बँकेतली ठेव, दवाखान्याने काही शिल्लक ठेवली तर, तशीच. मी मुलाला तोडलेलं नाही, हे इथे स्पष्ट लिहिते. तो स्वतः गेला. कसा गेला हे चौकात चार तऱ्हांनी सांगतात, म्हणून पाचवी, खरी, कागदावर असू दे.

लांब पल्ल्याची गाडी चालवणारा एक ड्रायव्हर आमचं जुनं गिऱ्हाईक. त्याच्याकडे स्वतःचा एक लहान ॲम्प होता आणि दोन सबवूफर लावायची हौस होती. सून म्हणाली, "दादा, याच्यावर एकच लावा. दोन लावायचे तर ॲम्प बदलायला लागेल." माझा मुलगा मधे पडला, "अगं, बसतील दोन. गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नसतं." शेवटी दोन बसवले. सुनेने मीटर लावून, ॲम्पला झेपेल इतकाच गेन ठेवला आणि ठिपका दिला. आवाज स्वच्छ होता पण दणका कमी. गाडी ताब्यात द्यायच्या वेळी ती जेवायला वर गेली होती.

थोड्याच दिवसांनी गाडी परत आली. डिकी उघडली तेव्हा जळक्या वासाने नाक चुरचुरलं. दोन्ही कॉइल गेल्या होत्या. मुलगा सगळ्यांसमोर बायकोवर ओरडला, "तरी सांगत होतो, हिला गेन ठेवता येत नाही!" सून खाली मान घालून उभी. मी ॲम्पचं झाकण काढलं. ठिपका मधोमध चिरलेला. मी मुलाच्या खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढून ड्रायव्हरच्या, शेजारच्या टायरवाल्याच्या आणि चहा द्यायला आलेल्या बाईच्या डोळ्यांसमोर धरला. टोकाला लाल रंग होता.

मी म्हणाले, "नेलपॉलिश कधीपासून लावायला लागलास रे?"

लोक हसले. तो नाही हसला. "आई, तुला सूनच प्यारी," एवढंच म्हणाला आणि गेला. आता चौकापलीकडच्या मोठ्या दुकानात असतो. त्यांच्या शर्टावर पाठीमागे वॉटचा आकडा छापलेला आहे. मुलगा लांबून दिसतो तेव्हा मला आधी तो आकडा दिसतो.

मला वाटलं, सून माझे आभार मानेल. संध्याकाळी शटर ओढताना ती म्हणाली, "आई, ठिपका मी तुमच्या आधी पाहिला होता."

"मग बोलली का नाहीस?"

"घरी बोलले असते. त्याला एकट्याला. चारचौघांत उघडा पडलेला माणूस कुठल्या तोंडाने परत येतो?"

मी खरं तेच बोलले होते आणि आजही ते खरंच आहे. पण तो स्क्रू ड्रायव्हर मी त्याच संध्याकाळी खणात टाकला. ती माझी औषधं वेळेवर देते, दुकान माझ्यापेक्षा नीट सांभाळते आणि रात्री दोन ताटं वाढताना तिसऱ्या ताटाकडे हात नेऊन मागे घेते. मी गेले तर या दोघांमध्ये बोलायला कारण उरणार नाही, ही एकच भीती मला आहे. झडपेची तेवढी वाटत नाही.

कलम ४. म्हणून तो स्क्रू ड्रायव्हर, जो त्या दिवसापासून माझ्या खणात आहे, मुलाला द्यावा. टपालाने पाठवू नये, निरोप्याकरवी देऊ नये. त्याने दुकानात यावं आणि सुनेने स्वतःच्या हाताने द्यावा. काल दुपारी मी रिमूव्हरचा बोळा घेऊन त्याचं टोक पुसायला बसले. सून म्हणाली, "आई, पुरावा पुसताय?" म्हटलं, "कसला पुरावा गं, तुझ्या नवऱ्याचा स्क्रू ड्रायव्हर आहे." ती फडकं घेऊन आली आणि मूठ तिने पुसली.

कलम ५. अंमलबजावणी आमच्या डॉक्टरांनी करावी. त्यांच्या स्वतःच्या गाडीतला सबवूफरचा बॉक्स उगाच मोठा आहे, पण माणूस सरळ आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही असं वकील म्हणतात. ड्रायव्हर साक्षीला आहे, म्हणून त्याला हयातीतच नवा सबवूफर बसवून दिला. एकच.

इथे सही करणार होते. पण पेन हातात घेतल्यावर ड्रायव्हर म्हणाला, "काकू, काल तुमचा मुलगा भेटला. विचारत होता, गुरुवारी आईला किती वाजता आत नेणार?"

मी म्हटलं, "त्याला गुरुवार कुणी सांगितला?"

ड्रायव्हर छताकडे बघायला लागला. मी सुनेकडे पाहिलं. ती टेबलापाशी पाठ करून डबीतले स्क्रू निवडत होती. कान लाल झाले होते.

तरी दुकानाचं कलम बदलत नाही. तिचं आहे ते तिचंच. कलम ४ मात्र मी माझ्या हाताने खोडत आहे. स्क्रू ड्रायव्हर ही मी मेल्यावर द्यायची वस्तू नाही. तो मी गुरुवारी पर्समध्ये घालून दवाखान्यात नेणार आहे. शस्त्रक्रियेच्या खोलीत पर्स नेऊ देत नाहीत, तेव्हा बाहेर ती सुनेच्या हातात राहील.

लिहून ठेवणारी: (सही) बेसकाकू, बाजारात सगळे याच नावाने ओळखतात

साक्षीदार १: (सही) आमचे डॉक्टर. सही करणारी शुद्धीत आहे, रक्तदाब थोडा वाढलेला आहे.

साक्षीदार २: (सही) ड्रायव्हर. कलम ४ माझ्यासमोर खोडलं.

ठिकाण: दुकानाची मागची खोली
दिनांक: ऑपरेशनच्या आधीचा सोमवार