चौऱ्याऐंशी मैलांसाठी ट्रक

विलो क्रीक, माँटाना
९ सप्टेंबर २०१७

चि. सोल्विगला,
हाल्वरदादाचे अ. आ.

तुझं पत्र पोचलं. फोन करत जाऊ नकोस, हे पुन्हा सांगतो. ट्रॅक्टरनं माझे कान खाल्ले आहेत आणि काही कळत नसताना हो-हो करत बसायची लाज वाटते. पत्र बरं, दोनदा वाचता येतं.

कामाचं लिहितो. आपला ट्रक गेला. चौदा वर्षं, तीन लाख चाळीस हजार मैल. इंजिनच तडकलं. दुसरा घ्यायलाच हवा, आणि लवकर. मार्लिसच्या डायलिसिसला सोमवार, बुधवार, शुक्रवार ग्रेट फॉल्स गाठावं लागतं. जायला चौऱ्याऐंशी मैल, यायला तेवढेच. सध्या शेजारचा डुएन त्याची गाडी देतो. देताना तोंड वाकडं करत नाही, पण उसनी गाडी किती दिवस वापरायची?

माझं मन मोठ्या डिझेलवर आहे. वडिलांपासून आपल्याकडे डिझेलच. गुरांचा ट्रेलर ओढायला दुसरं काही चालत नाही. शिवाय धान्याच्या कोठारापाशी सकाळी कॉफीला जमणारी मंडळी पेट्रोलच्या ट्रकला ‘चर्चला जायची गाडी’ म्हणतात, तेही ऐकून घ्यावं लागेल. ते मात्र मला बरोबर ऐकू येतं. तू आणि ऑरिन, नवरा-बायकोनं एकतीस वर्षं गॅरेज चालवलंत. ऑरिन आता नाही, पण बिघाडाचं निदान तूच करायचीस हे सगळ्या बिलिंग्जला माहीत आहे. तेव्हा तू सांग.

कळावे, लोभ आहे तो राहू दे.
तुझा दादा,
हाल्वर

बिलिंग्ज
१७ सप्टेंबर २०१७

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू विचारलंस, याचंच मला आश्चर्य वाटलं. सत्तरी उलटल्यावर का होईना, धाकट्या बहिणीला काही कळतं हे तुझ्या ध्यानात आलं.

गॅरेजमध्ये कुणीही कोणता ट्रक घेऊ विचारलं, की मी उलट विचारायची, काम काय आहे? इंजिन मागाहून. तुझं काम आठवड्यातून तीनदा, उणे तीस असो की वादळ असो, पहाटे गाडी सुरू होणं हे आहे. त्याला आठ सिलिंडरचं साधं पेट्रोल इंजिन घे. टर्बो नको. इंधन वाचवायला अर्धे सिलिंडर आपोआप बंद करणारी हुशारीही नको. इंजिनात जितक्या करामती कमी, तितका थंडीत भरवसा जास्त. असली इंजिनं मी तीन-तीन लाख मैल पळालेली पाहिली आहेत आणि त्यांच्या मालकांची नावंही आता आठवत नाहीत, कारण ती माणसं माझ्याकडे फारशी आलीच नाहीत.

डिझेल वाईट नाही. भरलेला ट्रेलर घाट चढवायला त्याच्यासारखं काही नाही. पण डिझेलला माणूसही शहाणा लागतो. मागच्या जानेवारीत तू शेतावरच्या टाकीतलं ऑगस्टमध्ये भरलेलं उन्हाळी डिझेल ट्रकमध्ये ओतलंस. ते वाटेत मेणासारखं गोठलं, आणि वहिनी बर्फात दोन तास बसून राहिली. तिचा बुधवार चुकला आणि शुक्रवारपर्यंत तिला धड श्वास घेता येईना. काटकसर म्हणे! इंजिनाचा त्यात काडीचा दोष नव्हता.

गुरं डुएनच्या ट्रेलरमधून जातील. नाहीतर कमी कर. कॉफीवाल्यांना म्हणावं, माझी बायको आधी.

वहिनीला नमस्कार सांग. तब्येत जप.
तुझी,
सोल्विग

विलो क्रीक
२२ सप्टेंबर २०१७

प्रिय सोल्विग,
स. न. वि. वि.

तुझं पत्र ह्यांनी मला वाचून दाखवलं. ‘काडीचा दोष नव्हता’ तिथे हे थोडं घुटमळले, पण वाचलं. हे पत्र मात्र मी डायलिसिसच्या खुर्चीवरून लिहिते आहे. एक हात नळ्यांना जोडलेला, म्हणून अक्षर वाकडं आलंय. ह्यांना यातलं काही माहीत नाही.

मी ख्रिसमसनंतर हे बंद करणार आहे. डॉक्टरांशी बोलले. त्या म्हणाल्या, की तो माझा अधिकार आहे. मग आठवडा, फार तर दोन. घाबरू नकोस, मी रडत बसलेली नाही. तीन वर्षं झाली. खुर्चीचा दिवस खुर्चीत जातो आणि दुसरा दिवस खुर्चीचा शीण काढण्यात. मी थकले आहे, इतकंच.

तर माझं मागणं असं. ह्यांना डिझेल घ्यायला सांग. तुझं ऐकून ते पेट्रोल घेतील, ट्रेलर विकतील, पाठोपाठ गुरं जातील. मग जानेवारीत मीही नाही आणि गोठ्यात ओरडणारं काही नाही. हा माणूस खिडकीशी बसून संपेल. त्यांना पहाटे उठायला काहीतरी लागतं. तू म्हणतेस ना, काम काय ते आधी बघावं? माझं काम तीन महिन्यांचं आहे. त्यांचं पुढे दहा वर्षांचं असू दे.

तुझ्या शब्दाबाहेर ते जाणार नाहीत. एवढं माझ्यासाठी कर.

तुझी,
मार्लिस

बिलिंग्ज
२ ऑक्टोबर २०१७

प्रिय वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आठ दिवस उशीखाली घेऊन झोपले. ‘बंद करू नकोस’ असं लिहायला चारदा बसले आणि चारही कागद फाडले. खुर्चीत तू बसतेस, मी नाही. तो हक्क मला नाही.

पण दुसरं जे मागतेस ते माझ्याकडून होणार नाही. तुझा हिशेब चुकलाय असं नाही. काम बदललं तर इंजिन बदलतं, हे मीच म्हणते. पण दादा विचारेल, पंधरा दिवसांत तुझं मत का फिरलं? मग मला खोटं सांगावं लागेल. मी सहा वर्षांची असल्यापासून माझं खोटं त्याला कागदावरूनसुद्धा कळतं. आणि समज, नाही कळलं. पुढे तो ट्रक दारात उभा दिसेल आणि सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, फक्त आपल्याला नव्हतं, हे त्याला उमगेल. ते दुःख मी त्याला देणार नाही.

मी त्याला काही लिहीत नाही, हा शब्द देते. पण ट्रक घेण्याआधी तू सांग. कान गेलेत त्याचे, काळीज नाही.

तुझी,
सोल्विग

विलो क्रीक
१५ ऑक्टोबर २०१७

चि. सोल्विगला,
अ. आ.

ट्रक घेतला. कसा घेतला ते लिहितो, म्हणजे पुन्हा लिहावं लागणार नाही.

ग्रेट फॉल्सला दुकानात आधी डिझेल चालवून पाहिलं. मार्लिस शेजारी, विक्रेता मागच्या सीटवर. गडी चांगला होता, ताकदीचे आकडे सांगत होता. मी पूर्वेच्या रस्त्यानं निघालो. इंजिन घुमत होतं आणि मी खूश होतो. मार्लिस काहीतरी म्हणाली. मी हो म्हटलं. ती पुन्हा म्हणाली. मी म्हटलं, हो, हो, सीट मऊ आहेत. मग ती ओरडली. ख्रिसमसनंतर मी डायलिसिस बंद करणार आहे, असं सगळी ताकद लावून ओरडून सांगावं लागलं तिला. शेहेचाळीस वर्षांत ती माझ्यावर कधी ओरडलेली नाही.

मी गाडी कडेला घेतली. मागे विक्रेत्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली होती. तो म्हणाला, मी खाली उतरून उभा राहतो. वाऱ्यात उभा राहिला बिचारा वीस मिनिटं.

काय बोलणं झालं ते आमच्यापाशी राहू दे. मी भांडलो, एवढं सांगतो. मग तिला म्हटलं, कधी थांबायचं ते तू ठरव, ट्रक मी ठरवतो. ज्या इंजिनावरून बायकोला ओरडून मरण सांगावं लागतं ते माझ्या दारात नको.

पेट्रोल घेतलं. तू सांगितलंस तेच, साधं. तुझी कारणं बरोबर असतील, पण मी त्या कारणांनी घेतलं नाही. ट्रेलर विकला नाही. निम्मी गुरं ठेवली आहेत, डुएन नेईल-आणेल. तुला सगळं ठाऊक होतं, हेही तिनं सांगितलं. गप्प राहिलीस, रागावलो नाही. खोटं बोलली असतीस तर रागावलो असतो.

दादा

विलो क्रीक
२१ जानेवारी २०१८

चि. सोल्विगला,
अ. आ.

परवा पहाटे उणे चौतीस होतं. रात्रभर इंजिनाला विजेची ऊब लावून ठेवली होती. पहिल्याच किल्लीला सुरू झालं. दोन वादळं झाली, एकही दिवस चुकला नाही.

ख्रिसमस होऊन गेला आणि मार्लिस अजून येते आहे. मी विचारत नाही. विचारलं तर तिच्या ध्यानात येईल अशी भीती वाटते. तू हसशील, पण खरं आहे.

गाडीत ऐकू येतं सगळं. ती उजवीकडे बसते, तो माझा बरा कान. जाताना ती बोलते, येताना थकलेली असते म्हणून मी बोलतो. मला बोलता येतं हे मलाही माहीत नव्हतं.

दादा

विलो क्रीक
११ एप्रिल २०१८

चि. सोल्विगला,
अ. आ.

दफनाला आलीस, चार दिवस राहिलीस, बरं वाटलं. तेव्हा विचारायचं राहिलं ते आता विचारतो.

मार्चच्या मध्यावर एका शुक्रवारी ती दवाखान्याच्या दारातच म्हणाली, हाल्वर, आता घरी जाऊ. मी गाडी वळवली. पुढचे नऊ दिवस तू जाणतेस.

मी मोजलं. नव्या ट्रकच्या पासष्ट फेऱ्या झाल्या. ती ख्रिसमसला थांबणार होती. तुझी वहिनी कशी होती ते तुला माहीत आहे. पावाचा शिळा तुकडा टाकवत नसे तिला. मी तिच्यासाठी एवढा नवा ट्रक आणून दारात उभा केला. तो वाया जाऊ नये म्हणून तर ती अडीच महिने सुया टोचून घेत राहिली नाही ना? मी तिला दिवस दिले की माझ्यापायी तिचे हाल लांबवले? रोज पहाटे गोठ्यात हेच येतं मनात. तू इंजिनाचं खोटं बोलत नाहीस. हेही खरं सांग.

दादा

बिलिंग्ज
१९ एप्रिल २०१८

ती. दादास,
सा. न. वि. वि.

खरंच सांगते, आणि माझ्या पदरचं काही घालत नाही. फेब्रुवारीत तुझ्यासारखंच मी वहिनीला विचारलं होतं, ख्रिसमसनंतरही का जातेस म्हणून. तिचं उत्तर माझ्यापुढे उघडं आहे.

ती लिहिते, बंद करायच्या अर्जावर सही करून तो ख्रिसमसपासून पर्समध्ये ठेवलाय. दर सोमवारी द्यायचा म्हणून घेऊन जाते. पण शुक्रवारी येताना ह्यांनी काहीतरी सांगायला घेतलेलं असतं आणि घर आलं की ते अर्धंच राहतं. एकदा सासऱ्यांचं, एकदा सैन्यातलं, एकदा आमचं बाळ गेलं त्या वर्षीचं. त्याबद्दल तर हे कधी तोंडातून चकार शब्द काढत नव्हते. पुढचं ऐकायचं असतं म्हणून मी पुन्हा गाडीत बसते. सुयांचं दुखणं खरं आहे, पण चौऱ्याऐंशी मैल माझे असतात.

ट्रकचं नावही नाही त्यात, दादा. ती तुझ्यासाठी जात नव्हती, स्वतःच्या हौसेनं जात होती. आणि बाळाचं सांगून कधी झालं ते तूच आठव, ती त्यानंतरच थांबली असावी. मूळ पत्र टपालात हरवेल म्हणून पाठवत नाही. इथे येऊन वाच.

रविवारी गुरांना चारा घालून निघ, दुपारी जेवायला पोचशील. रस्ता चार तासांचा आहे आणि शेजारी कुणी नसेल. तरी बोलत ये.

तुझी,
सोल्विग